इमारतीतील प्रकाशवाटा : तांब्याच्या तारांकडून निष्क्रिय प्रकाशीय जाळ्याकडे

(शासकीय इमारतींची बांधकामे आणि विद्युत कामे पाहणाऱ्या नवनियुक्त अभियंत्यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप.)

आपल्यापैकी अनेकांना येत्या काही वर्षांत शाळा, रुग्णालये, न्यायालये आणि प्रशासकीय संकुले यांची अंदाजपत्रके तयार करावी लागतील. अशा अंदाजपत्रकात पाया, काँक्रीट, पाणीपुरवठा आणि वीज यांची सविस्तर गणिते असतात. शेवटच्या पानावर मात्र 'संगणक जाळ्याची वायरिंग – ठोक रक्कम' एवढीच एक ओळ असते. आजचे माझे व्याख्यान या एका ओळीविषयी आहे.

प्रारंभी एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका जिल्ह्याच्या ठिकाणी नव्याने बांधलेल्या रुग्णालयात जाण्याचा प्रसंग आला. इमारत देखणी होती, इंटरनेटची जोडणीही वेगवान होती; परंतु दुपार झाली की तिसऱ्या मजल्यावरील संगणक बंद पडत. रक्ततपासणीचे अहवाल कागदावर लिहून शिपाई जिन्याने वरखाली करीत होते आणि रुग्णांचे नातेवाईक तासन्‌तास ताटकळत होते. कारण शोधले असता असे आढळले, की त्या मजल्याचा नेटवर्क स्विच जिन्यालगतच्या एका लहान खोलीत होता. तेथील वातानुकूलन यंत्र बंद पडले होते, खोलीत मोडक्या खुर्च्या रचल्या होत्या आणि उष्णतेने स्विच रोज दुपारी थांबत होता. खोलीची किल्ली ज्यांच्याकडे होती ते कर्मचारी रजेवर होते. त्या खोलीचा नकाशा मंजूर करणाऱ्यांत मीही एक होतो. प्रचलित नियमांनुसार तो नकाशा अचूकच होता. म्हणूनच प्रचलित पद्धत नेमकी काय आहे आणि तिला पर्याय कोणता, हे आपण समजून घेतले पाहिजे.

प्रचलित पद्धत आणि तिची मर्यादा

आजच्या बहुतेक इमारतींत संगणक जाळ्यासाठी तांब्याच्या पीळ दिलेल्या तारांची केबल वापरतात. एका केबलमध्ये तारांच्या चार जोड्या, म्हणजे आठ तारा असतात. १९९१ मध्ये अमेरिकेत इमारतींतील दूरसंचार वायरिंगचे मानक प्रसिद्ध झाले आणि तेथून 'संरचित केबलिंग' ही पद्धत जगभर रूढ झाली. प्रत्येक टेबलापासून निघालेली केबल त्या मजल्यावरील स्विचच्या खोलीत जाते आणि तेथून मुख्य सर्व्हर कक्षाकडे जोडणी होते.

या पद्धतीला १०० मीटरची मर्यादा आहे. भिंतीतील कायमस्वरूपी केबल ९० मीटर आणि दोन्ही टोकांच्या जोडतारा मिळून १० मीटर, असा हिशेब धरला जातो. त्यापेक्षा लांब अंतरावर संदेश क्षीण होतो. म्हणून प्रत्येक मजल्यावर, आणि लांबट इमारतीत मजल्यावर दोन ठिकाणी, स्विचची खोली लागते. खोली आली की वीज आली, यूपीएस आले, वातानुकूलन आले आणि देखभालही आली. माझ्या अनुभवातील ती बंद खोली या १०० मीटरच्या मर्यादेतूनच जन्माला आली होती.

दुसरी अडचण कालांतराने जाणवते. वेगाची गरज वाढली की केबलची श्रेणी बदलावी लागते. श्रेणी ६ ची केबल १ गिगाबिट प्रतिसेकंद वेग पूर्ण १०० मीटरपर्यंत देते. १० गिगाबिटसाठी मात्र पूर्ण अंतरावर श्रेणी ६-ए लागते, जी अधिक जाड आणि महाग असते. इमारतीचे आयुष्य पन्नास वर्षांचे धरले, तर तिच्या भिंतीतील केबल अनेकदा बदलण्याची वेळ येऊ शकते.

प्रकाशीय तंतूची पार्श्वभूमी

प्रकाशीय तंतूच्या इतिहासात एका भारतीयाचे नाव अग्रभागी आहे. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमध्ये हॅरल्ड हॉपकिन्स यांच्यासमवेत काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा पाठविण्याचे संशोधन केले. ते १९५४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. भारत सरकारने २०२१ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर केले.

दळणवळणासाठी या तंतूचा उपयोग करण्याचा मार्ग चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ मध्ये दाखविला. काचेतील अशुद्धी दूर करून प्रकाशाची घट दर किलोमीटरला २० डेसिबलपेक्षा कमी केली, तर तंतूमार्फत संदेशवहन व्यवहार्य ठरेल, असे त्यांनी मांडले. १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या रॉबर्ट मॉरर, डोनाल्ड केक आणि पीटर शुल्ट्झ या शास्त्रज्ञांनी हे उद्दिष्ट गाठले. काओ यांना २००९ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

२० डेसिबल घट म्हणजे एका किलोमीटरनंतर केवळ एक टक्का प्रकाश शिल्लक राहणे. आजच्या एकपथी तंतूत १३१० नॅनोमीटर तरंगलांबीवर ही घट सुमारे ०.३५ डेसिबल असते. म्हणजे एका किलोमीटरनंतरही सुमारे ९२ टक्के प्रकाश शिल्लक राहतो. इमारतीच्या आतील शंभर-दोनशे मीटर अंतरासाठी तंतूतील घट नगण्यच म्हणावी लागेल.

'निष्क्रिय' म्हणजे काय?

निष्क्रिय प्रकाशीय जाळ्याचे तीन घटक आहेत. मुख्य कक्षात असलेले मध्यवर्ती यंत्र, ज्याला ओएलटी म्हणतात. वापरकर्त्याच्या टेबलाजवळील टोकाचे यंत्र, म्हणजे ओएनटी. आणि या दोहोंच्या दरम्यान असणारा स्प्लिटर, म्हणजे प्रकाशविभाजक. मध्यवर्ती यंत्रापासून टोकाच्या यंत्रापर्यंतच्या संपूर्ण वाटेवर विजेवर चालणारे एकही उपकरण नसते. स्प्लिटर हा काचेचा घटक आहे. त्याला वीज लागत नाही, तो तापत नाही आणि त्याला वातानुकूलनाची गरज नसते. म्हणून या जाळ्याला 'निष्क्रिय' हे विशेषण लागले.

कालव्यातून पाट निघतात तसा एका तंतूतील प्रकाश स्प्लिटरमधून १६, ३२ किंवा ६४ तंतूंत विभागला जातो. मात्र एक भेद लक्षात ठेवावा. पाटाच्या पाण्याची वाटणी झाली की प्रत्येकाला वेगळे पाणी मिळते. प्रकाशाची वाटणी झाली की प्रत्येक शाखेत तोच संदेश जातो, फक्त तो मंद होतो. त्यामुळे मध्यवर्ती यंत्राकडून निघालेला सर्व संदेश सर्व ओएनटींपर्यंत पोहोचतो आणि प्रत्येक ओएनटी त्यातील केवळ आपला भाग उचलते. इतरांचा भाग वाचता येऊ नये म्हणून तो सांकेतिक रूपात पाठविण्याची तरतूद मानकातच आहे.

उलट दिशेला सर्वांनी एकाच वेळी प्रकाश पाठविला तर संदेशांची सरमिसळ होईल. म्हणून मध्यवर्ती यंत्र प्रत्येकाला वेळ नेमून देते. सेकंदाचे ८,००० भाग, म्हणजे प्रत्येकी १२५ मायक्रोसेकंदांच्या चौकटी केल्या जातात आणि ज्याच्याकडे पाठविण्याजोगे अधिक आहे त्याला अधिक वेळ दिला जातो. जाताना आणि येताना प्रकाशाची तरंगलांबी निराळी असल्यामुळे दोन्ही दिशांचे काम एकाच तंतूवर चालते.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००३ मध्ये स्वीकारलेल्या 'जीपॉन' या मानकात मध्यवर्ती यंत्राकडून २.४८८ गिगाबिट आणि उलट दिशेने १.२४४ गिगाबिट प्रतिसेकंद वेग असून पल्ला २० किलोमीटरपर्यंत आहे. २०१६ च्या 'एक्सजीएस-पॉन' या मानकात दोन्ही दिशांना सुमारे १० गिगाबिट वेग मिळतो. विशेष म्हणजे दोन्ही मानकांच्या तरंगलांबी भिन्न असल्याने ती एकाच तंतूवर एकत्र नांदू शकतात. वेग वाढविण्यासाठी दोन टोकांची यंत्रे बदलावी लागतात. भिंतीतील तंतू तोच राहतो.

एक उदाहरण

आकलनासाठी एका काल्पनिक प्रशासकीय इमारतीचा हिशेब करू. आठ मजले, ४०० टेबले आणि प्रत्येक टेबलावर दोन जोडण्या असे धरू. तांब्याच्या पद्धतीत ८०० केबली लागतील. प्रत्येकीची सरासरी लांबी ५० मीटर मानली तर एकूण ४० किलोमीटर केबल आणि किमान आठ स्विच खोल्या होतील.

प्रकाशीय पद्धतीत चार जोडण्यांची एक ओएनटी धरली तर २०० ओएनटी पुरतील. एका स्प्लिटरवर ३२ याप्रमाणे सात स्प्लिटर लागतील आणि २४ जागा भविष्यासाठी शिल्लक राहतील. मुख्य कक्षातून वर जाणारे तंतू अवघे सात! राखीव मार्ग धरला तर चौदा. स्प्लिटर भिंतीवरील लहान पेटीत बसतो. मजल्यामजल्यावरील आठ खोल्या अन्य कामास उपलब्ध होतात. जुन्या दगडी इमारतींत, जेथे भिंती फोडणे इष्ट नसते, तेथे केसाइतक्या बारीक तंतूची बारीक केबल नेणे हे जाड केबलींचे जुडगे नेण्यापेक्षा कितीतरी सोपे असते.

आता प्रकाशाचा हिशेब पाहू. जीपॉनच्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या वर्गात एकूण २८ डेसिबलपर्यंत घट चालते. प्रकाश निम्मा झाला की ३ डेसिबल घट होते. ३२ भाग करण्यासाठी पाच वेळा निम्मे करावे लागते, म्हणून सैद्धांतिक घट १५ डेसिबल. प्रत्यक्षात ती सुमारे १७ डेसिबल असते. जोडांसाठी २ डेसिबल आणि तंतूसाठी ०.१ डेसिबल धरले, तरी सुमारे ९ डेसिबल हाताशी राहतात. याच वर्गात किमान घटही १३ डेसिबल असावी लागते. त्यामुळे लहान इमारतीत केवळ चार भागांचा स्प्लिटर वापरला तर प्रकाश गरजेपेक्षा प्रखर होतो आणि तो कमी करण्यासाठी क्षीणक बसवावा लागतो. लांब पल्ल्याचे तंत्र जवळच्या अंतरावर वापरताना घ्यावयाची ही दक्षता अनेकदा नजरेआड होते.

जगातील आणि देशातील अनुभव

या तंत्राचा मोठ्या प्रमाणावर अवलंब करणाऱ्या संस्थांत अमेरिकेतील सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेचा उल्लेख करावा लागेल. २०१० च्या दशकाच्या पूर्वार्धात या प्रयोगशाळेने २६५ इमारती आणि १३,००० संगणक जोडण्या निष्क्रिय प्रकाशीय जाळ्यावर आणल्या. पाच वर्षांत सुमारे २ कोटी डॉलरची बचत आणि जाळ्याच्या ऊर्जाखर्चात ६५ टक्के घट होईल, असा अंदाज प्रयोगशाळेने त्या वेळी वर्तविला होता. हा त्या संस्थेचा स्वतःचा अंदाज होता आणि तिचे संकुल अतिशय विस्तीर्ण आहे, हे ध्यानात ठेवूनच आपण त्यापासून बोध घ्यावा.

भारतात हे तंत्र इमारतींच्या आधी गावांपर्यंत पोहोचले. २५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्यास मंजुरी दिली. पुढे हाच प्रकल्प 'भारतनेट' या नावाने ओळखला जाऊ लागला. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना जोडण्याच्या या प्रकल्पात गट मुख्यालयापासून ग्रामपंचायतीपर्यंत जीपॉन तंत्राचा वापर झाला. सी-डॉट या १९८४ मध्ये स्थापन झालेल्या शासकीय संशोधन संस्थेने जीपॉन यंत्रणा देशातच विकसित केली. म्हणजे या क्षेत्रात स्वदेशी क्षमता आपल्यापाशी आहे.

भारतनेटने एक धडाही दिला. सरळ रेषेत टाकलेला तंतू एके ठिकाणी तुटला की पुढची सर्व गावे अंधारात जातात. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित भारतनेट कार्यक्रमात वलयाकार रचनेवर भर देण्यात आला आहे. वलय एके ठिकाणी तुटले तरी दुसऱ्या बाजूने संदेश पोहोचतो. हाच न्याय इमारतीलाही लागू पडतो.

मर्यादांचा विचार

कोणतेही तंत्र सर्व रोगांवरील औषध नसते. या पद्धतीच्या चार मर्यादा मला आपल्यापुढे ठेवावयाच्या आहेत.

पहिली मर्यादा विजेची. तांब्याच्या केबलीतून संदेशाबरोबर वीजही जाते. २००३ च्या मानकानुसार ती १५.४ वॅट होती आणि २०१८ च्या मानकात ९० वॅटपर्यंत गेली. दूरध्वनी, कॅमेरे आणि वायफाय यंत्रे त्यावर चालतात. काचेचा तंतू वीज वाहून नेत नाही. म्हणून प्रत्येक ओएनटीजवळ विजेची आणि वीज गेल्यास पर्यायाची सोय करावी लागते. आपल्या उदाहरणातील २०० ओएनटी प्रत्येकी ८ वॅट घेतात असे मानले, तर १,६०० वॅट भार होतो. स्विच खोल्यांची बचत मोजताना हा भार वजा न करणारा प्रस्ताव अपुरा समजावा.

दुसरी मर्यादा वाटणीची. जीपॉनचा २.४८८ गिगाबिट वेग ३२ जणांनी एकाच क्षणी मागितला, तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ७८ मेगाबिट येतात; उलट दिशेने सुमारे ३९. कार्यालयीन कामास हे पुरेसे आहे, कारण सर्वजण एकाच क्षणी पूर्ण वेग मागत नाहीत. परंतु क्ष-किरण व सीटी स्कॅनच्या प्रतिमा साठविणारा विभाग किंवा चित्रफितींचे संपादन करणारी प्रयोगशाळा यांसाठी १० गिगाबिटचे मानक किंवा स्वतंत्र जोडणी योजावी. शिवाय शेजारच्या टेबलावरील संगणकाला पाठविलेली माहितीही सामान्यतः मुख्य कक्षापर्यंत जाऊनच परत येते.

तिसरी मर्यादा सुरक्षिततेची. प्रकाशीय तंतूवर विद्युतचुंबकीय क्षेत्राचा परिणाम होत नाही. त्यामुळे एमआरआय कक्ष, लिफ्टची यंत्रे आणि विद्युत उपकेंद्रे यांच्या सान्निध्यात तो निर्धोक असतो. मात्र एखादी बिघडलेली ओएनटी नेमून दिलेल्या वेळेबाहेर प्रकाश सोडू लागली, तर त्या स्प्लिटरवरील सर्वांचे काम विस्कळीत होते.

चौथी मर्यादा सर्वांत महत्त्वाची. जेथे पूर्वी एक केबल तुटल्याने एक टेबल बंद पडे, तेथे आता एक मुख्य तंतू तुटल्याने ३२ ओएनटी एकदम बंद पडतात. त्यावर उपाय आहे. दोन प्रवेशांचा स्प्लिटर घेऊन दोन तंतू दोन निराळ्या मार्गांनी आणावेत. एका इमारतीत हे दोन्ही तंतू घेतलेले मी पाहिले. पण ते एकाच उभ्या शाफ्टमधून नेलेले होते. गळती दुरुस्त करणाऱ्या कामगाराच्या यंत्राने दोन्ही एकदम कापले गेले आणि संपूर्ण कार्यालय दीड दिवस बंद राहिले. कागदावर राखीव मार्ग होता, भिंतीत मात्र नव्हता. त्या कामगाराला दोष देण्यात अर्थ नाही. दोष नकाशा तपासणाऱ्याचा होता.

मनुष्यबळ आणि धोरण

तंतूंची जोडणी, जिला स्प्लायसिंग म्हणतात, हे कौशल्याचे काम आहे. जोडाच्या तोंडावर धुळीचा कण राहिला तरी प्रकाश अडतो. तांब्याची वायरिंग करणाऱ्या हजारो तंत्रज्ञांना हे कौशल्य शिकविले नाही, तर उत्तम तंत्रही निकृष्ट ठरेल आणि त्यांच्या रोजगारावरही गदा येईल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या अभ्यासक्रमात तंतू जोडणे, मोजणे आणि स्वच्छ करणे यांच्या प्रात्यक्षिकांना म्हणूनच अधिक वाव मिळावयास हवा.

धोरणाच्या पातळीवर काही पावले पडली आहेत. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत माहिती व दळणवळण सुविधांचा स्वतंत्र विभाग आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीच्या आधारे मानांकन देण्याचे विनियम अधिसूचित केले. पाणी आणि वीज यांच्याप्रमाणे दळणवळण हीदेखील इमारतीची मूलभूत सुविधा आहे, ही जाणीव त्यामागे आहे.

निविदा काढताना मात्र सावधानता हवी. एका कंपनीचे ओएलटी दुसऱ्या कंपनीच्या ओएनटीशी पूर्णपणे जुळेलच असे नाही. जुळवणीची चाचणी आणि किमान दहा वर्षे सुट्या भागांचा पुरवठा या अटी प्रारंभीच घातल्या नाहीत, तर पुढील प्रत्येक खरेदीत शासनाचे हात बांधले जातात. खर्चाची तुलनाही पहिल्या दिवसाच्या किमतीवर न करता पंधरा-वीस वर्षांची वीज, वातानुकूलन, देखभाल आणि वेगवाढ यांचा एकत्रित हिशेब करूनच केली पाहिजे. तीस टेबलांच्या एकमजली कार्यालयात तांब्याची केबल आजही अधिक किफायतशीर ठरू शकते. अनेक मजली संकुले, विद्यापीठांचे विस्तीर्ण परिसर आणि मोठी रुग्णालये येथे पारडे प्रकाशीय जाळ्याकडे झुकते.

मित्रहो, गावाच्या वेशीपर्यंत प्रकाशाच्या वेगाने आलेला संदेश शेवटच्या शंभर मीटरमध्ये अडला, तर त्यावर झालेला खर्च नागरिकाच्या कामी येत नाही. त्या रुग्णालयात आता तिसऱ्या मजल्याचा स्विच खाली मुख्य कक्षात आणला आहे आणि वरपर्यंत तंतू नेला आहे. दोन्ही तंतू दोन निराळ्या जिन्यांलगत आहेत. हे मी स्वतः शिडीवर चढून पाहिले. आपल्यासमोर पुढील अंदाजपत्रक येईल तेव्हा 'ठोक रक्कम' ही ओळ खोडून तेथे किती जोडण्या, किती प्रकाशघट, किती वीज आणि कोणते दोन मार्ग, हे चार आकडे लिहा. आणि नकाशावर सही करण्यापूर्वी एकदा तो मार्ग स्वतः चालून पाहा.